गोळीला दुखणे कुठे ठाऊक असते?

डोके ठणकते म्हणून पॅरासिटामॉलची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटू लागते. तीच गोळी दाढदुखीवर घेतली तर दाढ शांत होते, तापात घेतली तर ताप उतरतो. त्यामुळे आपला सहज समज होतो की गोळी पोटात गेली की दुखरी जागा हुडकत बरोबर तिथे पोचते. तसे काही घडत नाही. गोळीला ना डोके कळते, ना दाढ, ना गुडघा. तिच्यातले औषध रक्तात मिसळते आणि रक्त जिथे जिथे जाते तिथे तिथे जाते. विश्रांतीच्या वेळीही हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवत असते. म्हणजे डोकेदुखीसाठी घेतलेले औषध तुमच्या पायाच्या करंगळीतही पोचलेले असते.

औषधशास्त्राची बाराखडी इथून सुरू होते. औषध सगळीकडे जाते. ते कुठे लागू पडेल, किती वेळ टिकेल आणि कधी अंगावर उलटेल, हे बरेचसे आपले शरीर ठरवते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे ‘उपाशीपोटी’, ‘जेवणानंतर’, ‘दिवसातून दोनदा’ हे शब्द त्या हिशेबातूनच आलेले असतात. तो हिशेब एकदा समजून घेतला की पथ्य जाचक वाटत नाही.

तोंडातून रक्तापर्यंत

गोळी विरघळायला सुरुवात होते जठरात, पण बहुतेक औषधे रक्तात शिरतात ती लहान आतड्यातून. तिथल्या घड्यांमुळे आणि सूक्ष्म उंचवट्यांमुळे शोषणाला खूप मोठा पृष्ठभाग मिळतो. जठर जितके लवकर रिकामे होईल तितके औषध लवकर आतड्यात उतरते. रिकाम्या पोटी घेतलेले पॅरासिटामॉल रक्तात साधारण अर्ध्या ते एक तासात सर्वाधिक पातळी गाठते. भरपेट जेवणानंतर त्याला उशीर लागतो.

आतड्यात औषधाला सोबत कोणाची आहे, यालाही महत्त्व असते. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा-कॉफी किंवा नाश्ता करायचा नाही, असे डॉक्टर बजावतात. कारण अन्न आणि कॉफीसारखी पेये थायरॉक्सिनचे शोषण कमी करतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून तर तिला चार तास लांब ठेवायला सांगतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातली टॅनिन लोहाला बांधून ठेवतात आणि बरेचसे लोह विष्ठेवाटे निघून जाते. लिंबाच्या रसाने उलट लोहाच्या शोषणाला मदत होते. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दुधाबरोबर घेतले की दुधातले कॅल्शियम त्याला जखडते. तिन्ही वेळा गोळी घेतलेली असते आणि औषध मात्र रक्तात पुरेसे पोचलेले नसते. मग ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलले जातात.

आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते. अन्नाबरोबर आलेले परके, घातक पदार्थ तिथे पारखून मोडून टाकले जातात, आणि यकृताच्या लेखी औषध हाही परका पदार्थच. काही औषधांचा मोठा हिस्सा या पहिल्याच फेरीत नष्ट होतो. हृदयविकाराच्या रुग्णाच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी असते. छातीत कळ आली की ती जिभेखाली धरायची. तोंडातल्या अस्तरामधून ती थेट रक्तात शिरते, यकृताचा फेरा चुकतो आणि काही मिनिटांत हृदयाच्या रक्तवाहिन्या सैलावतात. तीच गोळी घाबरून पाण्याबरोबर गिळली तर अशा निकडीच्या वेळी हवा तसा आणि हवा तितक्या लवकर गुण येत नाही. इन्सुलिनची अडचण त्याहून मूलभूत आहे. ते प्रथिन असल्यामुळे पोटात डाळ-उसळीतल्या प्रथिनांसारखेच पचून जाते. म्हणून ते टोचून घ्यावे लागते.

दम्याच्या पंपाचे उदाहरण इथे मुद्दाम घ्यायला हवे, कारण त्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी’ असे अनेक घरांत ऐकू येते. साल्ब्युटामॉल श्वासनलिका मोकळ्या करते. पंपाच्या एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम असते. गोळी असते २ किंवा ४ मिलिग्रॅमची. चार मिलिग्रॅमच्या गोळीत दोन फवाऱ्यांच्या वीसपट औषध झाले. एवढे का लागते? तर गोळीतले औषध अंगभर फिरून मग फुप्फुसात थोडेसे पोचते, आणि वाटेत हृदयाची धडधड वाढवते, हात थरथरवते. पंपातले औषध हवे तिथेच जाऊन पडते. सौम्य उपाय कोणता, हे या आकड्यांवरूनच कळावे.

पोचल्यावर काय करते?

औषध शरीरभर फिरते, तरी परिणाम ठरावीक ठिकाणीच का दिसतो? याचा उलगडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊ लागला. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये मांडले की निकोटिन आणि क्युरारे ही द्रव्ये स्नायूंमधल्या एका विशिष्ट ग्रहणशील पदार्थावर काम करतात. त्याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख यांचा विचारही त्याच दिशेने चालला होता. आज आपण त्याला रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतो. पेशीवरचे हे प्रथिन म्हणजे कुलूप आणि शरीरातले नैसर्गिक संप्रेरक ही त्याची किल्ली. साल्ब्युटामॉलसारखी काही औषधे किल्लीप्रमाणे कुलूप उघडतात. काही नुसती कुलपात जाऊन बसतात, फिरत नाहीत, आणि खऱ्या किल्लीला शिरू देत नाहीत. बीपी आणि हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधे या दुसऱ्या प्रकारातली. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल घडवले ते याच विचारातून, आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. पण त्याच जातीचे ग्राही श्वासनलिकांतही असतात. म्हणून दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल दिले तर श्वासनलिका आवळू शकतात. बीपीच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टर दम्याबद्दल विचारतात ते यासाठी.

दुसरा मोठा वर्ग आहे तो एन्झाइम अडवणाऱ्या औषधांचा. शरीरात कुठे इजा झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती वेदना तीव्र करतात, सूज आणतात, आणि मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला अंग अधिक तापवायला लावतात. जर्मनीतल्या बायर कंपनीने ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आणले, पण ते नेमके करते काय, हे कळायला १९७१ उजाडावे लागले. जॉन वेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनवणारे एन्झाइमच बंद पाडते. सत्तर वर्षे जग जे औषध विश्वासाने घेत होते, त्याची कार्यपद्धती कोणालाच ठाऊक नव्हती. पॅरासिटामॉलची तर अजूनही पूर्ण उलगडलेली नाही. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करते आणि सुजेवर फारसे चालत नाही, एवढे मान्य आहे. पुढच्या तपशिलांवर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

आता मूळ मुद्दा लावून पाहा. प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवत नाहीत. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारा थर त्यांच्यामुळे टिकतो आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखायला त्यांची मदत होते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक गुडघ्यातली प्रोस्टाग्लँडिन रोखते, तेव्हा जठरातली आणि मूत्रपिंडातलीही रोखते. गुडघ्याचे दुखणे थांबते आणि पोटात जळजळ सुरू होते. महिनोन्‌महिने घेत राहिले तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, अंगात मीठ-पाणी साचून बीपीच्या गोळीचा प्रभाव कमी होतो, वयस्कर माणसाची किडनी बिघडते. म्हणून ‘दुष्परिणाम’ हा औषधात शिरलेला वेगळा दोष आहे असे समजू नये. बहुतेक वेळा तो त्याच औषधाचा तोच परिणाम असतो, फक्त नको त्या जागी झालेला.

सर्दीच्या गोळ्यांनी येणारी झोप याच जातीची. जुन्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामाइन नाकातल्या हिस्टामिनला अडवते, आणि मेंदूत शिरून तिथल्या हिस्टामिनलाही अडवते. मेंदूतले हिस्टामिन माणसाला जागे ठेवते, त्यामुळे पेंग येते. सेटिरिझिनसारखी नंतरची औषधे मेंदूत कमी शिरतात. त्यांनी झोप कमी येते, पण अजिबात येत नाही असे नाही. गोळी घेऊन घाटात गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

या सगळ्याचे ठळक उदाहरण मुंबईत घडले. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा काटेकोर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. जगाचे लक्ष वेधले गेले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळातून रिसर्पिन वेगळे केले. ते मज्जातंतूंच्या टोकांना साठवलेली नॉरॲड्रेनालिनसारखी द्रव्ये रिती करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो. पण मेंदूतल्या पेशींतही तोच साठा रिता होतो. काही रुग्णांना खोल उदासीनता आल्याच्या नोंदी झाल्या, आणि नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी काय संबंध असावा, या संशोधनाला त्यातून चालना मिळाली. वनस्पतीतून आले म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही, हाही धडा त्यात आहे.

जाताना किती वेळ लावते?

औषध शरीरात आले की लगेच त्याला बाहेर काढण्याची तयारी सुरू होते. यकृत त्याचे रूप बदलते, मूत्रपिंडे ते लघवीवाटे टाकतात. रक्तातले औषध निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य साधारण दोन ते तीन तास. म्हणजे अडीच तासांत निम्मे, पाच तासांत पाव उरते. म्हणून ती गोळी दिवसातून तीन-चारदा घ्यावी लागते. उलट थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवस. त्यामुळे ती दिवसातून एकदाच पुरते, एखादा दिवस चुकला तरी आकाश कोसळत नाही, पण मात्रा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. तपासणी तेवढ्या अंतराने करायला सांगतात ती म्हणून. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून थायरॉइडची गोळी मनानेच वाढवण्यात अर्थ नाही.

काही औषधे जातात आणि परिणाम मागे ठेवतात. ॲस्पिरिन रक्तातून वीसेक मिनिटांत निम्मे होते, पण जाताना रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्समधले एन्झाइम कायमचे निकामी करते. प्लेटलेटला नवे एन्झाइम बनवता येत नाही आणि ती जगते आठ-दहा दिवस. त्यामुळे हृदयविकारानंतर रोजची ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी पुरेशी ठरते. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का’ असे विचारतात, त्याचेही कारण हेच. ती बंद करायची की नाही, हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावे.

मात्रेचे गणित

यकृताची क्षमता अमर्याद नाही, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते पॅरासिटामॉलमध्येच. या औषधाचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी रूपात बदलून लघवीकडे पाठवते. पाच-दहा टक्के भाग मात्र वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो. नेहमीच्या मात्रेत यकृतातले ग्लुटाथिऑन त्याला लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथिऑनचा साठा संपतो आणि तो पदार्थ यकृताच्या पेशी मारू लागतो. घात असा की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, आणि लक्षणे दिसेपर्यंत यकृताचे नुकसान होऊन गेलेले असते. ॲसिटिलसिस्टीन हा यावर उत्तम उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वाधिक गुणकारी. म्हणून चुकूनही जास्त गोळ्या गेल्या तर बरे वाटते आहे म्हणून थांबू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम म्हणजे ४००० मिलिग्रॅम मानतात. यकृताचा आजार असेल किंवा नेहमी दारू घेतली जात असेल तर ती आणखी खाली येते. एवढे कोण घेतो, असे वाटेल. पण हिशेब करा. अंगात कणकण आहे म्हणून ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा घेतली, की झाले २६००. नाक वाहते म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. तिच्यातही पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असते. ती तीनदा घेतली की आणखी १५००. बेरीज ४१००. नावे वेगळी, रंग वेगळे, औषध एकच, आणि मर्यादा ओलांडली गेली.

लहान मुलांचे गणित वजनावर चालते. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे सिरप मिळते, तसेच २५० मिलिग्रॅमचेही, आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांत तर एकाच मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ हा हिशेब बाटली बदलली की चुकतो. बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे, स्वयंपाकघरातला चमचा नको.

एकच औषध, वेगळी शरीरे

दोघांना एकच गोळी दिली तरी दोघांच्या रक्तात तिची पातळी सारखी राहीलच असे नाही. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड काहींच्या यकृतात सुमारे तासाभरात निम्मे होते, तर काहींच्या यकृतात तीन तास घेते. हा फरक जन्मतःच मिळालेल्या जनुकांचा आहे. ज्यांच्या शरीरातून ते हळू जाते त्यांना हातापायांत मुंग्या येण्याचा धोका अधिक, म्हणून सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. त्याच उपचारातले रिफॅम्पिसिन लघवी केशरी करते. ते पाहून रुग्ण घाबरतात, पण त्यात धोका नाही. खरी सावधगिरी वेगळ्याच बाबतीत हवी. रिफॅम्पिसिन यकृतातली औषधे मोडणारी एन्झाइम वाढवते. मग गर्भनिरोधक गोळ्या इतक्या झपाट्याने मोडल्या जातात की त्यांचा भरवसा राहत नाही.

प्राणी बदलला तर फरक किती जीवघेणा होतो, हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिले. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडे भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घसरली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या घसरणीचा मागोवा घेत होती. कारण हाती लागले २००४ मध्ये, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. दुखण्यासाठी गुरांना डायक्लोफेनॅक टोचले जात होते, आणि त्या गुरांचे मृत शरीर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. माणसाला आणि गाईला सोसणारी मात्रा गिधाडाच्या शरीराला सोसली नाही. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध गुरांसाठी उपलब्ध आहे.

आपल्या घरातही शरीरे वेगळीच असतात. आजोबांची मूत्रपिंडे तरुणपणाइतक्या वेगाने औषध बाहेर टाकत नाहीत. गरोदर बाईच्या रक्तातली बरीच औषधे बाळापर्यंत जातात. शेजारणीला गुण आला म्हणून तिची उरलेली पट्टी आपल्याला चालेल, हे मानायला काहीच आधार नाही. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर हा उद्योग अधिकच महाग पडतो. पेनिसिलिनसारखी औषधे जिवाणूंच्या पेशीभोवतीची भिंत उभारू देत नाहीत. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते, म्हणून ती आपल्याला मारत नाहीत. विषाणूलाही ती नसते, म्हणून साध्या सर्दी-खोकल्यात ती निरुपयोगी ठरतात आणि अंगातल्या जिवाणूंना मात्र त्या औषधाला दाद न देण्याची संधी मिळते. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढे ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एक कागद सोबत न्या. त्यावर चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहा. ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेले मूळ औषधाचे नाव लिहायला विसरू नका. मेडिकलमधून स्वतःहून आणलेली वेदनाशामके, आयुर्वेदिक काढे, चूर्णे, दारू, दमा, ॲलर्जी, गरोदरपण, यांपैकी काहीही लपवू नका. गोळीला तुमच्या शरीराबद्दल काहीच माहीत नसते. ती माहिती डॉक्टरांना देण्याचे काम तुमचे आहे.